दमा, बायोप्सी आणि रंगापलीकडचं

दम्यात श्वासनलिकेच्या भिंतीचा काढलेला तुकडा (बायोप्सी) लेझरसारख्या प्रकाशाच्या तंत्रांनी तपासायचा म्हटलं की कोणीतरी विचारतंच: ‘बायोप्सी घेतलीच आहे तर रंगवून मायक्रोस्कोपखाली बघा की, हे लेझर-बिझर कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. श्वासनलिकेच्या अस्तराखालचा थर दम्यात जाड होतो, हे रंगवलेल्या कापात दिसतंच. पण त्या थरात कोलॅजेनचे, म्हणजे ऊतीला आधार देणाऱ्या प्रथिनाचे, तंतू कसे रचले गेलेत, हे साध्या रंगातून नीट कळत नाही.

तिथे सेकंड हार्मोनिक इमेजिंग लागतं, म्हणजे सोडलेल्या प्रकाशाच्या निम्म्या तरंगलांबीचा परतणारा प्रकाश टिपणं. ८०० नॅनोमीटरचा लेझर सोडला की तंतुमय कोलॅजेन बरोबर ४०० चा प्रकाश परत देतं, तेही रंगाविना. टाइप १ कोलॅजेन लख्ख दिसतं. टाइप ४ तंतू करत नाही, म्हणून ते गायबच!

रंगाविना बघायचा दुसरा मार्ग म्हणजे इन्फ्रारेड आणि रामन स्पेक्ट्रोस्कोपी; त्या प्रकाशावरून रेणूंची कंपनं वाचतात. प्रथिनांचा ठळक पट्टा १६५० प्रति सेंटिमीटरच्या (हे तरंगसंख्येचं एकक) आसपास येतो. पण खरी डोकेदुखी नमुना तयार करण्यात आहे. नेहमीची काच इन्फ्रारेड खाऊन टाकते, त्यामुळे कॅल्शियम फ्लोराइडची महागडी स्लाइड घ्यावी लागते. ऊती ज्या मेणात बसवतात ते पॅराफिन पुरतं निघालं नाही, तर मेणाचं शिखर १४६० जवळ डोकं वर काढतं आणि ते ऊतीचंच वाटतं.

रुग्णाच्या दृष्टीने मला ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे प्रकाशाने ऊतीच्या आतली चित्रं काढणं) जास्त आश्वासक वाटते. बायोप्सीचा तुकडा इवलासा, त्यात स्नायू येईलच असं नाही. ब्रॉन्कोस्कोपमधून (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीतून) बारीक प्रोब घालून ओसीटी भिंतीत दोनेक मिलिमीटर खोल बघते, काहीही न कापता. ध्रुवित प्रकाश वापरला तर स्नायूही वेगळा ओळखू येतो. अर्थात, रोजचं निदान अजून स्पायरोमेट्रीवरच, म्हणजे फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीवरच, चालतं.