उद्याचं पर्यटन: जागा पैशाने मिळावी की सोडतीने?

होकायंत्र

पर्यटनाच्या भविष्याबद्दल कुठेही वाचा, यादी तीच. एआय सहल आखून देणार, चेहरा दाखवला की विमानात बसता येणार, हॉटेलात यंत्रमानव सामान उचलणार. होईल तसं, वाद नाही. मला मोठा वाटणारा बदल दुसराच आहे. आजवर पैसे आणि व्हिसा जमला की जायला कुणाची आडकाठी नव्हती. आता नावाजलेली ठिकाणं माणसं मोजून आत घ्यायला लागली आहेत, आणि यातून माघार नाही.

१९५० साली जगभरात परदेशी पर्यटकांची आगमनं होती अडीच कोटी. २०१९ मध्ये सुमारे १४६ कोटी. करोनात हा आकडा ४० कोटींच्या आसपास घसरला तेव्हा ‘आता लोक कमी आणि सावकाश फिरतील’ अशी भाकितं जोरात होती. २०२४ मध्ये आकडा परत १४० कोटींच्या घरात! अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर दिवसाला २० हजारांची मर्यादा आली, पेरूतल्या माचू पिचू या प्राचीन अवशेषांना वेळ ठरवून तिकीट, जपानच्या फुजी पर्वताच्या योशिदा वाटेवर २०२४ पासून दिवसाला ४ हजार माणसं. पर्यटक वाढतील, अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी आहे तेवढीच राहणार.

मग त्या मोजक्या जागा द्यायच्या कुणाला? एक रस्ता भूतानचा, पैशाचा. बहुतेक परदेशी पर्यटकांना तिथे २०२२ मध्ये रात्रीमागे २०० डॉलर शुल्क लागलं, पुरेसे पर्यटक येईनात म्हणून २०२३ मध्ये ते १०० वर आणलं. दुसरा रस्ता अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात ‘द वेव्ह’ नावाचे लाटांसारखे खडक आहेत तिथला: दिवसाला फार तर ६४ जण, तेही सोडतीने. मी सोडतीच्या बाजूने आहे. पैशाने वाटप झालं तर गेल्या काही दशकांत कुठे सामान्य माणसाच्या आवाक्यात आलेला प्रवास पुन्हा धनिकांचा होईल.

सामान_कमी

धागा चांगला, निदान चुकीचं. तुम्ही दारावर पहारा बसवताय आणि दुखणं घराच्या आत आहे.

व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. तिजोरीत २० लाखांहून जास्त युरो आले, गर्दी हटली नाही. पण मुळात त्या शहराचा प्रश्न गर्दीच्या पुढे गेलाय. १९५० च्या सुमारास जुन्या व्हेनिसमध्ये पावणेदोन लाख लोक राहायचे. २०२२ मध्ये ते ५० हजारांच्या खाली गेले. आता तिथे रहिवाशांपेक्षा पर्यटकांच्या खाटा जास्त आहेत. तुमच्या सोडतीने एकाही रहिवाशाचं घर परत मिळणार नाही.

बार्सिलोनाने नस ओळखली. पर्यटकांना भाड्याने देण्याच्या सुमारे १० हजार घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, असं महापौर जाउमे कोल्बोनी यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं. पुढच्या दहा वर्षांतले नियम पर्यटक झोपतो कुठे यावर होणार, तो बघतो काय यावर नाही.

होकायंत्र

@सामान_कमी, ५ युरो भरले की कितीही जण आत, याला मी मर्यादा म्हणत नाही. ती फक्त वसुली. उलट माझाच मुद्दा पक्का झाला: पैशाने गर्दी हटवायची तर रक्कम इतकी मोठी लागते की ती फक्त गरिबालाच हटवते. घरांचं मान्य, पण परवाने काढल्यावर खोल्या कमी, म्हणजे हॉटेलं महाग. परत पैशाचीच चाळणी.

गाईड_आहे_मी

वरचे दोघेही पर्यटक म्हणून बोलताय. मी या धंद्यात आहे, म्हणून जरा कडू बोलतो.

जगाच्या अर्थव्यवस्थेत साधारण दहा टक्के वाटा पर्यटनाचा धरतात. दहा टक्के म्हणजे हॉटेलमालक नव्हे. गाईड, ड्रायव्हर, चादरी धुणारे, नाववाले, हमाल. सोडतीचा निकाल लागेपर्यंत यांच्यापैकी कुणालाच कळणार नाही की पुढच्या महिन्यात काम आहे की नाही. ज्याचं नाव लागलं तो विमानाचं तिकीट ऐनवेळी काढणार, म्हणजे महाग. आणि ते महाग तिकीट परवडणार कुणाला? त्यातून एका कुटुंबातल्या चौघांपैकी दोघांचीच नावं निघाली तर? ‘द वेव्ह’ला सोडत चालते, कारण तिच्यावर अख्खं शहर जगत नाही.

बंदीच घालायची तर पूर्ण घाला आणि सांगून घाला. थायलंडचा माया बे किनारा प्रवाळ मेलं म्हणून जून २०१८ मध्ये बंद केला, तो उघडला जानेवारी २०२२ मध्ये. शार्क परत आले. आता दरवर्षी ठरलेले दोन महिने तो बंद असतो, उरलेल्या काळात माणसं मोजून सोडतात, बोटी किनाऱ्याला लागू देत नाहीत. त्यावर जगणाऱ्यांना सोसावं लागलंच, पण आता निदान वर्षाचा हिशेब आधी मांडता येतो. फिलिपिन्सने बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवलं, तेही तसंच. ‘नशिबात असेल तर या’ हे धोरण मला कुठल्याच धंद्यात चालताना दिसत नाही.

रात्रगाडी

गंमत आहे. कुणाला कसं आत घ्यायचं यावर एवढं रण, आणि तिथवर जायचं कशाने यावर एक शब्द नाही.

२०१८ साली जगातल्या फक्त ११ टक्क्यांच्या आसपास लोकांनी विमानप्रवास केला, आणि जेमतेम १ टक्का लोकांमुळे प्रवासी विमानांचं निम्मं प्रदूषण झालं, असा अंदाज २०२० मध्ये संशोधकांनी मांडला होता. तेव्हा ‘सामान्य माणसापर्यंत पोचलेला प्रवास’ हे वाक्य जरा जपून. बहुसंख्य जगाने विमान आतून पाहिलेलंच नाही. त्यांची पाळी येईल तेव्हा काय होणार, हा खरा भविष्याचा प्रश्न. हरित इंधनावर भिस्त ठेवावी तर विमानांच्या इंधनात ते मिसळण्याची युरोपीय संघाची सक्ती २०२५ मध्ये २ टक्के, २०३० मध्ये ६ टक्के, आणि ७० टक्के थेट २०५० मध्ये. तोवर जुन्याच इंधनावर उडायचं. फ्रान्सने अडीच तासांत रेल्वेने जाता येतं तिथली विमानं २०२३ मध्ये बंद केली, पण फटका बसला मोजक्या तीन मार्गांना.

आणि ऊन कुणाच्या परवान्याला विचारत नाही. जुलै २०२३ मध्ये अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकडे जायची युरोपची पद्धतच बदलेल असं मला वाटतं. लोक उत्तरेला सरकतील, किंवा मे आणि ऑक्टोबरमध्ये जातील. तुमची सोडत ज्या हंगामासाठी आहे तो हंगामच जागेवर राहणार नाही.

सामान_कमी

@रात्रगाडी, आयडी बघून विचारतो, रेल्वेचं काय झालं? पॅरिस-बर्लिन रात्रगाडी २०२३ मध्ये वाजतगाजत सुरू झाली आणि फ्रान्स सरकारने अनुदान थांबवल्यावर २०२५ च्या अखेरीस ती चालवणाऱ्या ऑस्ट्रियन रेल्वेने हात वर केले.

रात्रगाडी

झालं तेच जे अनुदान काढल्यावर होतं. आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनावर बहुतेक ठिकाणी कर नाही, तेही अनुदानच. ते काढा, मग तुलना करू.

चकवा

एआयला धागाकर्त्यांनी दोन ओळींत उडवलं, म्हणून एवढंच. हे सहलनियोजक इंटरनेटवर सगळ्यात जास्त लिहिलेल्या जागाच सुचवणार, म्हणजे गर्दीत आणखी गर्दी. शिवाय चुकले तर जबाबदार कोण? कॅनडातल्या एका लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर कॅनडाला भरपाई द्यायला लावली, कारण तिच्या चॅटबॉटने सवलतीचा नियम चुकीचा सांगितला होता. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही, हा बचाव टिकला नाही. बाकी चालू द्या.

होकायंत्र

@गाईड_आहे_मी, सोडत वर्षभर आधी काढता येते, आणि कुटुंबाचा अर्ज एकच धरता येतो. ‘द वेव्ह’लाही बहुतेक परवाने महिने आधीच्या सोडतीत जातात, थोडे ऐनवेळच्यांसाठी ठेवतात. तुमचा माया बेचा दाखला मला आवडला, पण माणसं मोजून सोडतात तिथे पहिला नंबर कुणाचा लागतो? ज्या टूर कंपनीच्या जास्त बोटी, तिचा. मग ती गर्दी पैशानेच गाळली ना?

गाईड_आहे_मी

वर्षभर आधी नाव लागलं तर निम्मे येणारच नाहीत. त्यांच्या जागा विकायला दलाल उभे राहतील. नावं बदलू द्यायची नाहीत म्हणाल, तर जागा रिकाम्या जातील आणि आमचा दिवस बुडेल. माचू पिचूला रोज हजारभर तिकिटं पायथ्याच्या गावात समोर हजर राहणाऱ्यालाच विकतात. त्यासाठी आदल्या दिवसापासून नंबर लावावा लागतो, लोक कटकट करतात, पण तो माणूस गावात मुक्काम करतो, गावात खातो. माझ्यासारख्याला सोडतीपेक्षा ती रांग परवडते.

होकायंत्र

रांगेत उभं राहायला दोन दिवस ज्याच्याकडे मोकळे आहेत, त्याच्यासाठी ठीक.