आईला ड्रेनसकट घरी सोडलंय, घरी कसा सांभाळायचा?

बार्शीकर:
नमस्कार. आईचं (वय ६१) उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन गेल्या मंगळवारी पुण्यात झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. काल घरी आणलं. दोन ड्रेन (जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) आहेत, एक काखेत आणि एक छातीवर. नळ्यांच्या टोकाला, बाजाच्या पेटीला भाता असतो तशा घड्यांच्या डब्या आहेत. सिस्टरनी निघताना करून दाखवलं, पण त्या गडबडीत निम्मंच लक्षात राहिलं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, घरात आम्ही दोघंच. आई माझ्यासमोर फार संकोचते. "राहू दे, मी करते" म्हणते, पण तिचा उजवा हात अजून नीट चालत नाही. शिवाय तिला शुगर आहे. ज्यांनी घरी हे केलंय त्यांनी सांगा, डबी कशी रिकामी करायची, आंघोळीचं काय, आणि घाबरायचं कधी?

पारवा:
दादा, माझ्या सासूबाईंचा ड्रेन १९ दिवस होता, सगळं मीच केलं. आधी आईंच्या संकोचाबद्दल. डबी रिकामी करायला त्यांचं अंग उघडं करावंच लागत नाही. पुढून बटणं असलेला सैल गाऊन घाला, नळ्या खालून बाहेर काढा आणि डब्या बाहेर ठेवा. मी जुन्या सुती साडीच्या दोन थैल्या शिवल्या, चंचीसारख्या, आणि परकराच्या नाडीला बांधल्या. डबी जखमेच्या खालीच राहिली पाहिजे आणि नळीला ओढ बसता कामा नये. नुसती लोंबकळत ठेवली की उठताना दाराच्या कडीत अडकते, आमच्याकडे तसं झालंय. तुम्ही फक्त थैलीतल्या डबीला हात लावणार, हे आईंना आधी सांगा. ड्रेसिंग ओळखीच्या सिस्टर घरी येऊन करत असतील तर ते त्यांच्यावर सोपवा.

आता डबी. साबणाने हात धुवा. नळीवरचा क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) बंद करा. बूच उघडून पाणी मापाच्या ग्लासात ओता (मेडिकलमध्ये मिळतो, स्वयंपाकघरातली वाटी नको). बूच उघडं असतानाच डबी तळहाताने पूर्ण चपटी दाबा, दाबलेली असतानाच बूच लावा, मग क्लॅम्प उघडा. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. पाणी संडासात ओतून फ्लश करा. डबी चपटी राहिली तरच ती आतलं पाणी ओढते. फुगली की नुसती बाटली होते, मग अर्धी भरलेली असो वा नसो, रिकामी करून पुन्हा दाबायची.

आणि लिहून ठेवा. मी कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी "का ६०, छा २५" असं लिहायचे. दोन्ही ड्रेनचे आकडे वेगळे, आणि रोज ठरलेल्या वेळी २४ तासांची बेरीज. ड्रेन कधी काढायचा हे डॉक्टर त्या आकड्यांवरच ठरवतात.

वॉर्डातली सिस्टर:
पारवाताईंनी नीट सांगितलंय. थोडी भर घालते. पहिले काही दिवस पाणी लाल असतं, मग गुलाबी, मग पिवळसर. मधूनच दोऱ्यासारखी गुठळी दिसली तर घाबरू नका. बरेच सर्जन २४ तासांत ३० मिलीच्या खाली, तेही लागोपाठ दोन दिवस, आलं की ड्रेन काढतात. तुमच्या डॉक्टरांचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. छातीचा बहुधा आधी निघतो, काखेतला रेंगाळतो. गाठी काढलेल्या जागी लसीका (शरीरातला पातळ द्रव) झिरपत राहते, त्यामुळे तसं होतं.

फोन कधी करायचा: १००.४ च्या वर ताप, नळीभोवती वाढता लालसरपणा, पू, दुर्गंधी, पिवळं झालेलं पाणी अचानक लालभडक होणं, टाका सुटून नळी बाहेर सरकणं. नळी सरकली तर आत ढकलू नका, स्वच्छ गॉज ठेवून तसंच दवाखान्यात जा. जखमेवर हळद, तेल, पावडर काही नको. अंग ओल्या कपड्याने पुसून घ्या, ड्रेसिंग कोरडं राहू द्या. शुगर रोज तपासा, ती वाढली की जखम भरायला वेळ लागतो.

बार्शीकर:
खूप आभार. दोन दिवस झाले. काल काखेचे ९५ आणि छातीचे ४० मिली आले. आज सकाळी मात्र काखेची डबी कोरडी, काल रात्री दाबली तशीच. काखेत थोडं फुगल्यासारखं वाटतंय, आणि नळीच्या कडेने ड्रेसिंग ओलं झालंय. शेजारच्या काकू म्हणतात, पाणी कमी पाज म्हणजे ड्रेन कमी येतो. आईने रात्रीपासून पाणीच कमी केलंय. काय करू?

वॉर्डातली सिस्टर:
आधी क्लॅम्प बघा. मग नळी कुठे मुडपलीय का, आईंच्या पाठीखाली दबलीय का ते बघा. दोन्ही ठीक असतील तर आत गुठळी अडकली असेल. नळी पिळून मोकळी करायला तुम्हाला शिकवलं असेल तरच करा, नाहीतर लगेच सर्जनना फोन. आणि आईंना पाणी नेहमीसारखं द्या. पाणी कमी पिऊन लसीका थांबत नाही, उगाच अशक्तपणा येतो.

बार्शीकर:
क्लॅम्प बंदच होता. रात्री लाइट नव्हती, मोबाइलच्या उजेडात रिकामी केली आणि उघडायचा राहिला. उघडल्यावर तासाभरात ७० मिली आलं, फुगवटाही उतरला. डॉक्टरांशी फोनवर बोललो. ते म्हणाले ड्रेसिंग आज बदलून घ्या, संध्याकाळपर्यंत आकडा कळवा. आईच्या जिवाशी खेळ झाला असता असं वाटून हात थरथरत होते. आता आई स्वतः विचारते, "क्लॅम्प उघडलास का रे?" डबी रिकामी करताना समोर बसून आकडा तीच वाचते आणि तीच लिहिते, डाव्या हाताने.

पारवा:
दादा, असं आमच्याकडेही झालंय, मनाला लावून घेऊ नका. लिहायचं काम आईंकडेच राहू द्या. हाताचे व्यायाम दवाखान्यात जेवढे शिकवले तेवढे रोज करून घ्या, दुखतं म्हणून खांदा धरून ठेवला तर आखडतो. त्या हाताने बादली, कुकर उचलू द्यायचा नाही.

बार्शीकर:
आज बारावा दिवस. छातीचा ड्रेन परवा काढला, दोन मिनिटांचं काम होतं. आई म्हणाली, ओढल्यासारखं झालं, तेवढंच. काखेचे आकडे ५५, ४२, ३४ असे उतरताहेत. काढल्यानंतर काही बघावं लागतं का?

वॉर्डातली सिस्टर:
हो. कधीकधी नंतर त्या जागी पाणी साठून मऊ फुगवटा येतो. आला तर दाखवा, डॉक्टर गरज वाटल्यास सुईने काढतात. छिद्र आठवड्याभरात भरतं, तोवर कोरडं ठेवा. ३४ चा आकडा चांगला आहे. अजून दोन-तीन दिवस असंच लिहीत राहा आणि जाताना ते कॅलेंडर सोबत न्या.