कोणता गेम घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे पैसे भरण्याआधी कसं ठरवायचं?

सिडको_जॉयस्टिक

मशीन असं आहे: प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० (४ जीबी), रॅम १६ जीबी, ५१२ जीबीची एसएसडी, तीत १८० जीबी जागा मोकळी. मॉनिटर १०८०पी, नेट ४० एमबीपीएस. खेळायला आठवड्याला पाच-सहा तास मिळतात. वर्षाचं बजेट ६,००० रुपये, त्याच्या वर नाही.

यादीत सध्या चार नावं आहेत: सायबरपंक २०७७, डूम: द डार्क एजेस, यंदाचा ईए एफसी (फुटबॉल) आणि हॉलो नाइट: सिल्कसाँग. चारही गेमचं कौतुकच वाचायला मिळतं, त्यामुळे रेटिंग बघून काही ठरत नाही. तुम्ही लोक कशावरून ठरवता? आधी काय तपासता?

‘आधी कार्ड बदल’ हा सल्ला कृपया नको, ते पुढच्या वर्षी.

फ्रेम_मोजणारा

कार्ड बदलू नका, पण डूम आजच यादीतून काढा. द डार्क एजेसला रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) करणारं कार्ड लागतं आणि किमान ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी). १६५० मध्ये ते हार्डवेअरच नाही, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणलं तरी उपयोग नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलचीही हीच गत. म्हणून मिनिमम रिक्वायरमेंट वाचताना कार्डाच्या नावाआधी दोन गोष्टी बघायच्या: ‘रे ट्रेसिंग आवश्यक’ असं लिहिलंय का, आणि व्हीरॅम किती मागितलीय. मारामारीच हवी असेल तर २०२० चा डूम इटर्नल तुमच्या कार्डावर छान चालतो.

दुसरं, मिनिममचा तक्ता आजचा बघा. २०२० साली वाचलेला सायबरपंकचा तक्ता आता लागू नाही. २०२३ मध्ये २.० पॅचच्या (मोठ्या अपडेटच्या) सुमारास त्यांनी तो वर नेला: एसएसडी सक्तीची आणि कार्ड जीटीएक्स १०६० ६ जीबी. म्हणजे कागदावर तुमचं कार्ड नापास. प्रत्यक्षात लो सेटिंग आणि एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करणारं सेटिंग) लावून सेकंदाला तिशीच्या आसपास फ्रेम मिळतील. ते चालणार का, हे तुमच्या डोळ्यांनी ठरवायचं, आणि त्यासाठी स्टीमचा (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचा) रिफंड आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत.

हे दोन तास बहुतेक लोक वाया घालवतात. गेम सुरू करतात, कट-सीन बघतात, चेहरा बनवण्यात पाऊण तास घालवतात आणि मग लक्षात येतं की काटा पुढे गेलाय. डाउनलोडचा वेळ धरला जात नाही, पण गेम उघडून मेन्यूवर ठेवून जेवायला गेलात तर तो वेळ धरला जातो. गेमच्या आत ‘शेडर (कार्डाला चित्र कसं रंगवायचं ते सांगणारे छोटे प्रोग्राम) तयार होत आहेत’ अशी पट्टी सरकते, तो वेळही त्यातच. अनरियल इंजिनवरच्या गेममध्ये साध्या प्रोसेसरवर ही पट्टी बराच वेळ खाते. ती अर्धवट सोडू नका, नाहीतर पुढे खेळताना अडखळेल आणि दोष कार्डाला जाईल.

माझा क्रम असा. पहिली दहा मिनिटं फक्त सेटिंग: १०८०पी, सगळं लो, एफएसआर क्वालिटीवर, मोशन ब्लर बंद, फ्रेम ३० किंवा ४० वर बांधलेल्या. गेममध्येच बेंचमार्क (आपोआप चालणारी वेगाची चाचणी) असेल तर तो चालवा, सायबरपंकमध्ये आहे. मग स्टीमचा परफॉर्मन्स मॉनिटर चालू करून व्हीरॅमचा आकडा बघत खेळा. ४ जीबी भरली की लगेच काही होत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी भिंतींवरचे टेक्स्चर चिखलासारखे दिसू लागतात आणि कॅमेरा वळवला की झटका बसतो. आणि ट्युटोरियलवर विश्वास ठेवू नका. पहिली पातळी बहुधा अरुंद बोळ असते, तिथे सगळेच गेम चांगले पळतात. कट-सीन वगळा, लवकरात लवकर गर्दीच्या बाजारात किंवा मोकळ्या मैदानात जा आणि तिथे वेगात धावा किंवा गाडी चालवा. निर्णय दीड तासाला घ्या. १ तास ५५ मिनिटांपर्यंत ताणू नका.

काही गेमचा बेंचमार्क स्टीमवर वेगळा, फुकट मिळतो. ब्लॅक मिथ: वूकाँग आणि मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स या दोन्हींचा आहे. तिथे तर पैसे भरायचीही गरज नाही.

सिल्कसाँगची चिंता करू नका, तुमच्या मशीनवर पळेल. तिथे प्रश्न कार्डाचा नसून संयमाचा आहे. एकाच बॉससमोर तासभर मरणं सोसेल का याची खात्री नसेल तर पहिला हॉलो नाइट आधी खेळा. तो स्वस्त आहे आणि स्वभाव तोच.

सेलची_वाट

किमतीचं मी सांगतो.

स्टीमवरची ‘७५ टक्के सूट’ ही पाटी एकटी वाचून काही कळत नाही. स्टीमडीबीवर (स्टीमच्या किमतींचा इतिहास दाखवणारी साइट) त्या गेमचं पान उघडा, चलन रुपया निवडा आणि खालचा आलेख बघा. दोन गोष्टी दिसतील: आजवरची सर्वांत कमी किंमत, आणि मूळ किंमत मध्येच वाढवली होती का. एखादा गेम वर्षात चार वेळा त्याच आकड्यापर्यंत उतरत असेल तर तोच त्याचा खरा भाव. सायबरपंक आणि विचर ३ हे असलेच गेम, पूर्ण किमतीत घ्यायचं काही कारणच नाही.

मोठे सेल ठरलेले असतात. उन्हाळी सेल जूनअखेर आणि हिवाळी डिसेंबरच्या उत्तरार्धात, शिवाय वसंत आणि शरद. आपल्याकडे ते उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला सुरू होतात. पहिल्याच रात्री तुटून पडायची गरज नसते. पूर्वी दर काही तासांनी बदलणारे फ्लॅश डील असायचे, ते २०१५ पासून बंद झाले. हल्ली पहिल्या दिवशीची सूट सहसा शेवटच्या दिवसापर्यंत तशीच राहते. म्हणून एका वेळी एकच गेम घ्या, वर सांगितलेली चाचणी करा, पसंत नसेल तर परत करा आणि मगच दुसरा. पाच एकदम घेतले तर चौदा दिवसांत पाचांची चाचणी होत नाही, आणि न उघडलेले तीन कायमचे लायब्ररीत पडून राहतात.

नुकत्याच आलेल्या गेमवर मोठ्या सवलतीची आशा धरू नका. स्टीमच्या नियमाने लाँच डिस्काउंटनंतर ३० दिवस दुसरी सूट देता येत नाही.

प्रीऑर्डरला (गेम यायच्या आधीच पैसे भरण्याला) माझा सरळ विरोध. डिजिटल माल संपत नाही, मग रांग कशाला? सायबरपंकच घ्या: १० डिसेंबर २०२० ला आला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला, परत आला जून २०२१ मध्ये. आज तोच गेम खरोखर चांगला आहे आणि सेलमध्ये तोही अर्ध्याहून कमी किमतीत. थांबणाऱ्याला जास्त चांगला माल कमी पैशात मिळाला.

एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी रात्री गेम फुकट देतात. अकाउंट काढून ते घेत जा, खेळा न खेळा. पुढे सेलमध्ये काही घेताना आधी एपिकची लायब्ररी तपासा, बऱ्याचदा तोच गेम तिथे असतो.

सिडको_जॉयस्टिक

डूम काढला. दोन शंका आहेत. रिफंडचे पैसे यूपीआयवर परत येतात का? आणि बाहेरच्या साइटवर त्याच गेमच्या ‘की’ (गेम लायब्ररीत आणणारे कोड) निम्म्या किमतीत दिसतात, त्या घ्याव्यात का?

सेलची_वाट

ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने परत पाठवता आले नाहीत तर ते स्टीम वॉलेटमध्ये जमा होतात, आणि वॉलेटमधली रक्कम बँकेत परत आणता येत नाही. रिफंड मागताना कुठे हवा ते विचारतात, तिथे नीट वाचून निवडा. वॉलेटमध्ये गेले तरी तुमच्या बजेटला फरक पडत नाही, कारण पुढचा गेम त्यातूनच घ्याल.

की बाजाराचं म्हणाल तर तीन अडचणी. की दुसऱ्या देशासाठी लॉक केलेली असू शकते. चोरीच्या कार्डावर घेतलेली असेल तर नंतर रद्द होते. आणि बाहेरून घेतलेल्या कीला स्टीमचा दोन तासांचा रिफंड नाही, म्हणजे तुमच्या १६५० साठी जी चाचणी सर्वांत महत्त्वाची, तीच हातची गेली. इझदेअरएनीडील या साइटवर अधिकृत दुकानांच्याच किमती दिसतात, तिथे बघा.

पंचवटी_पॉज

वरच्या दोघांचं पटलं, पण दोघांनीही गेम काय आहे हे बाजूला ठेवून मशीन आणि भावच बघितला.

‘तासाला किती रुपये पडले’ हा हिशोब इथे नेहमी होतो आणि मला तो फसवा वाटतो. २,००० रुपयांत १०० तास म्हणजे तासाला २० रुपये, ऐकायला छान. त्यातले ६० तास नकाशावरच्या खुणा गोळा करण्यात गेले तर? पोर्टल (२००७) तीन-चार तासांत संपतो आणि त्यात एकही खोली फुकट नाही. प्रश्नकर्त्याकडे आठवड्याला पाच-सहा तास आहेत. हाऊलाँगटूबीटवर (गेम संपायला किती तास लागतात ते सांगणारी साइट) ‘मुख्य कथा’ हा आकडा बघा आणि त्याला पाचाने भागा. विचर ३ ची मुख्य कथा पन्नासच्या आसपास तास, म्हणजे दहा आठवडे फक्त तो एक. वर्षात असे पाच झाले की सहाव्याला जागा नाही. तुमच्याकडे पैशांपेक्षा वेळ कमी आहे, त्यामुळे ६,००० संपवायलाच हवेत असं काही नाही.

रिव्ह्यू वाचायची माझी पद्धत: स्टीमवर फक्त नकारात्मक निवडा आणि खेळलेल्या तासांची मर्यादा लावा, किमान १० तास. दहा तास खेळून नाराज झालेला माणूस कारण नेमकं सांगतो: ‘तिसऱ्या प्रकरणानंतर तेच तेच’, ‘सेव्ह फाइल उडाली’, ‘पुढची पातळी पैशाशिवाय हलत नाही’. त्यातलं कोणतं कारण मला त्रास देईल, एवढंच ठरवायचं. ‘ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह’ म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त लोकांनी अंगठा वर केला. गेम किती चांगला, हे त्यात नसतं. ‘ठीक आहे’ म्हणणाराही अंगठा वरच करतो.

‘अलीकडचे’ आणि ‘एकूण’ यांत मोठा फरक दिसला तर शेवटच्या अपडेटने काय केलं ते शोधा. कधी गेमचा दोषच नसतो. मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ वर लाल रिव्ह्यूंचा पूर आला, तो पीएसएन (सोनीचं ऑनलाइन) अकाउंट सक्तीचं केल्यामुळे.

ईए एफसीबद्दल: रोज ऑनलाइन खेळणारे मित्र असतील तरच. दर सप्टेंबरच्या सुमारास नवा येतो आणि अल्टिमेट टीममधले (खेळाडू गोळा करून संघ बांधायचा ऑनलाइन प्रकार) खेळाडू नव्यात येत नाहीत. भावाशी सोफ्यावर बसून सामने खेळायचे तर मागच्या वर्षीचा सेलमध्ये घ्या, पण विक्रीत असेपर्यंतच. एफसी २४ येताना ईएने जुने सगळे फिफा स्टोअरवरून काढले होते.

आणि जाता जाता, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक बघा. पाच-सहा तासांचा आहे. लढाई जरा अवघडलेली वाटते, पण महाल आणि बाहुल्यांच्या खेळासारखे कथाप्रसंग सुंदर आहेत, आणि १६५० ला जड नाही.

नाशिकरोड_पीएस५

हेच नियम पीएस५ ला (सोनीच्या गेम कन्सोलला) लावू नका. प्लेस्टेशन स्टोअरचा रिफंड १४ दिवसांचा असला तरी डाउनलोड सुरू झालं की संपला, गेम सदोष असेल तर गोष्ट वेगळी. प्रीऑर्डरला ऑटो-डाउनलोड चालू असेल तर तुम्ही झोपेत असताना रिफंड गेला. ते सेटिंग आधी बंद करा.

डिस्क ड्राइव्ह असेल तर चाचणीचा खर्च वेगळ्या पद्धतीने निघतो: जुनी डिस्क घ्या, खेळा, विका. समजा २,२०० ला घेतली आणि महिन्याने १,८०० ला गेली, तर गेम ४०० ला पडला. फक्त दर वर्षी येणारे गेम नवा यायच्या आधी विका, नंतर भाव कोसळतो.

एमजी रोडला घ्या नाहीतर ऑनलाइन कुणाकडून, डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे सहसा चालतात, ब्लू-रेला कडक थर असतो. मधल्या भोकापाशी तडा असेल तर घेऊ नका. डब्यातला बोनस कोड वापरलेला धरूनच भाव करा. आणि डिस्क कोणत्या रीजनची (कोणत्या देशांसाठीची) ते कव्हरवर बघा. गेम कुठलाही चालेल, पण भारतीय अकाउंटवरून घेतलेला डीएलसी (गेमचा जादा भाग) अमेरिकन डिस्कला लागत नाही. डिस्कवर अख्खा गेम असतोच असंही नाही. २०२२ च्या कॉल ऑफ ड्युटी: मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं डाउनलोड.

फ्रेम_मोजणारा

एक राहिलं. एकट्याने खेळायचा गेमही सतत ऑनलाइन मागतो का, ते स्टीमवरच्या गेमच्या पानाच्या उजव्या बाजूच्या सूचनांत बघा. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खोदला आणि फायबर तुटली तर असा गेम तुमच्या एसएसडीवर असूनही उघडणार नाही. कंपनीने सर्व्हर बंद केला तर कधीच नाही: यूबीसॉफ्टचा द क्रू ३१ मार्च २०२४ ला असाच गेला. जुने गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात मिळत असतील तर तिथे घ्या. त्यांची इन्स्टॉलर फाइल हार्डडिस्कवर ठेवता येते, आणि रिफंड ३० दिवसांचा.

महावितरणचा भरवसा नसेल तर सेव्ह कुठे होतो तेही बघा. कधीही सेव्ह करता येणारा गेम आणि अर्ध्या तासाने चेकपॉइंट (आपोआप सेव्ह होण्याची जागा) देणारा गेम यांत फार फरक पडतो. सेव्ह होत असताना वीज गेली तर फाइलच खराब होऊ शकते, म्हणून स्टीम क्लाउड (सेव्हची प्रत स्टीमच्या सर्व्हरवर ठेवणारी सोय) चालू ठेवा.

डाउनलोड आणि जागेचा हिशोब: ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. सायबरपंकचे ७० जीबी उतरायला चार तास. अपडेटच्या वेळी मोठ्या फाइल नव्याने लिहिल्या जातात, म्हणून १८० पैकी ४०-५० जीबी मोकळेच ठेवा.

सिडको_जॉयस्टिक

मग सायबरपंक पुढच्या सेलमध्ये चाचणी करून, पहिला हॉलो नाइट आत्ता, एफसी रद्द. भावाचं स्टीम अकाउंट वेगळं आहे. त्यालाही परत विकत घ्यावं लागेल का?

सेलची_वाट

नाही. एकाच घरात असाल तर स्टीम फॅमिलीज चालू करा, सहा जणांपर्यंत चालतं. तो तुमच्या लायब्ररीतला दुसरा गेम त्याच वेळी खेळू शकतो, फक्त एकाच प्रतीवर दोघं एकदम नाही. काही प्रकाशक शेअरिंग देत नाहीत, ते गेमच्या पानावर दिसतं. आणि भावाला आधीच बजावून ठेवा: तुमच्या प्रतीवर त्याने चीट वापरलं तर बॅन तुम्हालाही लागतो.