मदत हवी आहे : लॅक्स्टनच्या शेतपट्ट्यांना मराठीत काय म्हणावं?

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन या खेड्यावर नववी-दहावीच्या मुलांसाठी लेख लिहितेय. तिथे मध्ययुगीन खुल्या शेतीची पद्धत आजही चालू आहे. वेस्ट, मिल आणि साउथ अशी तीन मोठी शेतं, त्यांत वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे लांबट पट्टे, मध्ये कुंपण नाही. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक, असा फेरा. मार्क पिअर्सने 1635 मध्ये काढलेल्या गावाच्या नकाशात हे पट्टे एकेक करून दाखवलेत. घरं गावात, शेतं बाहेर. तिथे आपली 'पांढरी' आणि 'काळी' ही जोडी चपखल बसली.

अडलंय ते पुढे. पट्ट्याला 'पट्टी' म्हटलं की घरपट्टी आठवते, 'वाफा' फारच लहान, 'तुकडा' म्हटलं की वाटणीची भांडणं डोळ्यांसमोर येतात! शिवाय ओल किंवा उतारामुळे न नांगरता गवताला सोडलेल्या जागा आहेत, त्यांना 'साइक' म्हणतात. 'गायरान' लिहून पाहिलं, पण ते गावाचं वेगळं कुरण वाटतं. नोव्हेंबरअखेर बारा जणांची ज्युरी गव्हाचं शेत पाहून, कोणी हद्दीबाहेर नांगरलं असेल तर दंड सुचवते. तिला 'पंच' म्हणेन. 'बारा' वाचून मुलांना बलुतेदार आठवतील, ते सांभाळून घेईन.

शब्दकोश पाहून झालेत, तळटीपा चालणार नाहीत, आणि नवे संस्कृत शब्द घडवायचे नाहीत. तुमच्या भागात बांध नसलेल्या लांब पट्ट्याला आणि शेतातच सोडलेल्या गवताच्या जागेला बोलीत काय म्हणतात? जिल्हाही सांगाल का?