प्रति: ज्याचा पैसा, त्याचेच लोकमत?

जाहिरातीवर जो अधिक खर्च करतो, लोकमत अखेरीस त्याच्याच बाजूने वळते, हे मत मला पटत नाही. आपल्याच देशातले 'फ्री बेसिक्स'चे उदाहरण पाहावे.

काही निवडक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या फेसबुकच्या या योजनेवर गदा येणार, असे दिसू लागले ते डिसेंबर २०१५ मध्ये, ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, डेटाच्या भेदभावी दरांविषयी (कोणते संकेतस्थळ पाहता त्यानुसार वेगळे दर) हरकती व सूचना मागवल्या तेव्हा. फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या, फलक लावले, आणि मार्क झुकरबर्ग यांनी वृत्तपत्रात लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली, जो या सेवेवर हवामान आणि बाजारभाव पाहतो. गोष्ट मनाला भिडणारी होती, हे मान्य करायलाच हवे. पण हवामान आणि बाजारभाव कळण्यासाठी इंटरनेटचा दरवाजा एकाच कंपनीच्या हाती का असावा, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

फेसबुकची खरी चूक पुढे झाली. वापरकर्त्यांकडून एका बटणावर जो तयार मजकूर ट्रायकडे पाठवून घेतला गेला, त्यात योजनेला पाठिंबा होता, परंतु ट्रायने विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरे नव्हती. ट्रायने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. उलट, विरोधातील स्वयंसेवकांनी प्रश्नागणिक उत्तरांचा मसुदा लोकांना उपलब्ध करून दिला होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि त्याच आठवड्यात फेसबुकने ही सेवा भारतातून मागे घेतली.