मदत हवी आहे: ग्लोबल गेटवेत नवा पैसा किती?

मंडळी, एमएच्या प्रबंधासाठी युरोपियन युनियनचं आफ्रिका धोरण घेतलंय. डिसेंबर 2021 मधे जाहीर झालेल्या ग्लोबल गेटवेत (युनियनची इतर देशांतल्या पायाभूत सुविधांसाठीची गुंतवणूक योजना) 2027 पर्यंत 300 अब्ज युरो म्हणतात, त्यातले साधारण निम्मे आफ्रिकेसाठी, पण अनुदान, कर्ज, गॅरंटी, खासगी गुंतवणूक सगळं एकत्र धरलंय त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही, आणि युनियन म्हणते ती आफ्रिकेशी बरोबरीची भागीदारी खरी की नाही ते माझ्या मते इथेच ठरतं. युरोपियन कमिशनची पानं वाचून झाली, ओईसीडीच्या (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) डेटात देशवार मदत मिळते पण ग्लोबल गेटवे वेगळं काढता येईना. फ्रेंच येत नाही, पेड डेटाबेस परवडणार नाही. फक्त केनियाचं मिळालं तरी चालेल. प्रकल्पनिहाय अनुदान किती, कर्ज किती आणि जुन्या योजनेतलंच किती, हे वेगळं कसं काढायचं?