कण नव्हे, पातळ्या मोजायला हव्यात
‘युरेनियमच्या केंद्रकात कण जेमतेम अडीचशे, मग त्याला तापमान कसलं?’ ही शंका रास्तच आहे. पण इथे कणांच्या संख्येपेक्षा ऊर्जापातळ्यांची, म्हणजे केंद्रकाला घेता येणाऱ्या ठरावीक ऊर्जांच्या पायऱ्यांची, दाटी महत्त्वाची.

युरेनियम-२३८ ची पहिली उत्तेजित पातळी तळापासून सुमारे ४५ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) वर आहे. त्यात एक मंद न्यूट्रॉन शिरला की बनणाऱ्या युरेनियम-२३९ ला सुमारे ४८ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. त्या उंचीवर येणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा किंचित वाढवत नेली, तर न्यूट्रॉन-शोषणाच्या आलेखात ६.७, २०.९, ३६.७ इलेक्ट्रॉनव्होल्टला सुईसारखी टोकं दिसतात; प्रत्येक टोक म्हणजे एक पातळी. हजारोंचं अंतर थेट वीसेकवर आलं! आणि या फक्त एकाच स्पिनच्या (केंद्रकाच्या फिरकीच्या) पातळ्या. या दाटीचा लॉगॅरिदम म्हणजे एन्ट्रॉपी, केंद्रकाला किती वेगवेगळ्या अवस्था उपलब्ध आहेत याचं माप. ती ऊर्जेबरोबर किती वेगानं वाढते त्यावरून तापमान निघतं. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी १९३६ मध्येच पातळ्यांच्या दाटीचं हे गणित मांडलं होतं.

मला खरी भुरळ पडते ती पुढच्या भागाची. बेथेंच्या सूत्रानुसार ऊर्जा वाढली की तापमानही वाढायला हवं. ओस्लोच्या सायक्लोट्रॉनवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) थोरियम-युरेनियमच्या केंद्रकांत मात्र ते ऊर्जेच्या बऱ्याच पट्ट्यात ०.४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास अडकलेलं आढळलं, म्हणजे साधारण ४६० कोटी केल्विन. चहाचं आधण उकळायला लागल्यावर गॅस मोठा केला तरी पाणी अधिक तापत नाही, तसंच हे. ऊर्जा खर्च होते ती न्यूट्रॉन-न्यूट्रॉन आणि प्रोटॉन-प्रोटॉन अशा जोड्या फोडण्यात.

शिसं-२०८ मध्ये मात्र पहिली पायरीच २६ लाखांवर आहे, त्यामुळे तिथे ही दाटी फार उशिरा सुरू होते.